टेस्ट लिहायची कुणी?

प्रश्न : जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नेणारी छोटी पायथॉन लायब्ररी आम्ही तिघे मित्र चालवतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला. कॉलेजची मुलं उत्साहाने येतात, एखादी पुल रिक्वेस्ट (आपला बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. शिवाय एक मात्रा दुरुस्त केली की दुसरीकडे जोडाक्षर फुटतं. प्रत्येक बदल मी रात्री बसून डोळ्यांनी तपासतो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा कोड. सध्या तुमच्या प्रोजेक्टची टेस्ट म्हणजे तुम्ही स्वतः. तुम्ही बघेपर्यंत आपण काही मोडलं का, हे त्या मुलाला कळत नाही. वाट बघून तो जातो. तक्रारी दोन, दुखणं एकच.

आधी एक साधी फाइल करा : डावीकडे जुन्या फॉन्टमधला शब्द, उजवीकडे अपेक्षित युनिकोड. पायटेस्ट या पायथॉनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनातलं पॅरामेट्राइझ (एकच टेस्ट अनेक नोंदींवर चालवायची सोय) लावलं की प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट होते. (अपेक्षित उत्तर हाताने टाइप करा. तुमच्याच कन्व्हर्टरमधून चिकटवलंत तर चूकच प्रमाण ठरेल.) ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही हवेत. ‘स्थिती’ तर हवाच. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. इथे तिला नुसता अर्धा ‘स’ नाही, अख्खा ‘स्थ’ ओलांडायचा असतो. तुमची जोडाक्षरं बहुधा इथेच फुटत असणार.

नवीन मुलाला पहिलं काम म्हणून कोड देऊ नका, वरच्या फाइलीसाठी अशी एक ओळ मागा. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलीतही फुटका शब्द सापडतो. दुरुस्ती जमली नाही तरी ‘एक्सफेल’ची (म्हणजे ‘ही सध्या नापास होणारच’ अशी) खूण करून, ‘स्ट्रिक्ट’ (अनपेक्षित पास झाली तरी ओरडणारा पर्याय) चालू ठेवून ती टेस्ट घ्या. पुढे कुणाच्या बदलाने तो शब्द सुधारला की टेस्टच बोंब मारते : खूण काढा!

फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. विंडोजवर पायथॉन बहुतेक वेळा ते गृहीत धरत नाही, आणि मुलाच्या लॅपटॉपवर पहिलीच टेस्ट कोसळते. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

कव्हरेजच्या (किती कोड टेस्टखाली आला याच्या) टक्क्यांमागे इतक्यात लागू नका. त्याहून एक बटण महत्त्वाचं : पहिल्यांदाच फोर्कवरून (तुमच्या कोडच्या स्वतःच्या प्रतीवरून) येणाऱ्याच्या टेस्ट गिटहब, म्हणजे कोड ठेवायची साइट, सहसा तुमच्या मंजुरीशिवाय चालवत नाही. ते मंजुरीचं बटण आठवडाभर दाबलं नाहीत तर वरचं सगळं फुकट. तिघे आहात ना, वार वाटून घ्या.