लंडनच्या लॉ फर्ममधले दोन आठवडे आणि बेदाण्याची पावती

तू लिहिलंस की सप्टेंबरमध्ये एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी, लंडनला येतेयस, पुढच्या जूनमध्ये एका लॉ फर्मची दोन आठवड्यांची व्हेकेशन स्कीम, म्हणजे सुट्टीतली कामाची उमेदवारी, मिळाली आहे, आणि त्यांच्या पत्रात ‘कमर्शियल अवेअरनेस’ हे शब्द पुन्हा पुन्हा आलेत. रोज फायनान्शियल टाइम्स वाचतेस, वहीत नोंदी करतेस, पण तिथे गेल्यावर त्याचं करायचं काय, हे उमगत नाही. शेवटी जाता जाता सांगितलंस की बाबांचं तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. त्याकडे येतेच.

आधी व्हिसाचं सांगते, कारण इथली चूक फार महागात पडते. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. पदवीच्या मुलांना उन्हाळा म्हणजे सुट्टी. एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांना मात्र उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो, म्हणून बहुतेक विद्यापीठं तो काळ सत्रातच धरतात. तुझी स्कीम जूनमध्ये आणि पूर्णवेळ आहे. विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला आणि फर्मला आजच लेखी विचार, आणि हिवाळ्याच्या किंवा ईस्टरच्या सुट्टीतली तुकडी मिळेल का, तेही विचार. माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीला हे ऐन मे महिन्यात कळलं आणि हातातली जागा सोडावी लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आता तुझा मूळ प्रश्न. माझ्या स्कीमच्या तिसऱ्या दिवशी प्रॉपर्टी विभागातल्या पार्टनरनी, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलांनी, माझ्या हातात एक लीज, म्हणजे जागेचा भाडेकरार, दिली. अशील होती दुकानांची एक साखळी. त्यांना एक दुकान जानेवारीत, मुदतीआधी सोडायचं होतं. लीजमध्ये ब्रेक क्लॉज होता, म्हणजे ठरलेल्या तारखेला नोटीस देऊन बाहेर पडायचा हक्क, पण एका अटीवर: त्या दिवशी भाड्याची एक पैचीही बाकी असता कामा नये. मी दीड दिवस खपून चार पानी टिपण लिहिलं. निवाडे होते, त्यांतली तत्त्वं होती, तळटिपाही होत्या. पार्टनरनी पहिलं पान वाचलं आणि शांतपणे विचारलं, “डिसेंबरमध्ये त्यांनी नेमके किती पैसे भरायचे? आणि त्यातले परत किती येतील?” माझ्या चार पानांत एकही आकडा नव्हता.

हा प्रश्न का आला, ते समजून घे. इंग्लंडात व्यापारी जागांचं भाडं परंपरेने वर्षातून चारदा, तिमाहीचं आगाऊ भरतात: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. म्हणजे दुकान जानेवारीत सोडलं तरी २५ डिसेंबरला मार्चपर्यंतचं पूर्ण भाडं द्यावं लागतं. ते थोडं कमी भरलं तर अट मोडते, ब्रेक फसतो आणि लीज उरलेली वर्षं गळ्यात पडते. आणि पूर्ण भरलं, तर जागा सोडल्यानंतरच्या दिवसांचे पैसे परत येतीलच असं नाही. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीचं हेच झालं. पॅडिंग्टनमधली कार्यालयाची जागा त्यांनी २४ जानेवारी २०१२ला सोडली, त्याआधी मार्चपर्यंतचं भाडं भरलं, आणि उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे परत मागितले. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१५मध्ये कोर्टाने सांगितलं, पैसे परत द्यायचे असं लीजमध्ये लिहिलेलं नाही, तेव्हा मिळणार नाहीत.

हा निवाडा माझ्या टिपणात होता. पण अशिलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, ते मी लिहिलंच नव्हतं. एका असोसिएटने, म्हणजे पार्टनरच्या हाताखालच्या वकिलाने, मला शेजारी बसवून कागदावर बेरीज मांडून दाखवली: पूर्ण तिमाहीचं भाडं, जागा होती तशी करून देण्याचा खर्च, कामगारांच्या नोटिशीचा पगार. मग म्हणाली, नाताळ हा त्यांचा सगळ्यात मोठा हंगाम, म्हणून ते जानेवारीत निघतायत. पण त्याच हंगामासाठी माल भरलेला असतो, तेव्हा डिसेंबरच्या अखेरीस खात्यात रोकड किती असेल, ते विचारायला हवं. आपण दिवाळीनंतर कापडवाल्याकडे गेलो तर तो जे बोलेल, तेच हे. त्या दुपारी मला कमर्शियल अवेअरनेस कळला. अशिलाचा पैसा कुठून येतो, कधी येतो, कशात अडकतो, हे डोक्यात ठेवून कायदा वाचायचा. पेपरातल्या बातम्या त्यासाठी कच्चा माल आहेत, तेवढंच.

फर्म स्वतःही एक धंदा आहे, हेही लक्षात असू दे. इथे वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवतात, तासाला दहा. अनेक अशील आधीच फीची कमाल मर्यादा ठरवून घेतात. एक तासाच्या कामाला तू दीड दिवस घातलास तर त्या वेळेचं बिल कुणी देत नाही, ते फर्मला सोडून द्यावं लागतं. म्हणून काम हातात घेताना दोन प्रश्न विचार: “यावर किती वेळ घालवू?” आणि “हे अशिलाकडे जाणार आहे की तुमच्यासाठी आहे?” दहा हुशार मुलांमध्ये हे विचारणारी मुलगी वेगळी दिसते, हे मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहते. आणि उत्तर नेहमी वरच्या दोन ओळींत दे, कारणं खाली.

वाचनाचं म्हणशील तर रोजच्या वीस बातम्यांपेक्षा एकच गोष्ट धरून तिचा माग काढ. टाटा स्टीलच्या पोर्ट टॅलबटचंच घे. २००७मध्ये टाटांनी कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली. वेल्समधल्या या कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ला बंद झाली. तिच्या जागी १२५ कोटी पौंडांची विजेची भट्टी येतेय, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकार देतंय. आता फर्मचा एकेक विभाग आठव. सरकारी अनुदानाच्या अटी कोण लिहितं? शंभर किंवा जास्त लोकांना कमी करायचं तर पहिल्या माणसाला काढण्याआधी किमान ४५ दिवस सल्लामसलत सुरू करावी लागते, ते कोण बघतं? बांधकामाची परवानगी, वीजपुरवठ्याचा करार, कर्ज, पेन्शन? एका बातमीत अख्खी फर्म दिसते. कुणी विचारलं “अलीकडे कोणती घडामोड लक्षात राहिली?” तर तू हे बोलू शकतेस, आणि मुंबईत बसलेल्या मालकाच्या बाजूनेही बोलू शकतेस. ते इथल्या किती मुलांना जमेल?

एक गोष्ट कडकपणे पाळ. अशिलाचं नाव लिफ्टमध्ये, ट्रेनमध्ये, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठेच घ्यायचं नाही. कंपनी शेअर बाजारातली असेल आणि आतली बातमी फुटली, तर प्रकरण फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. मराठीत फोनवर बोललं तर कुणाला कळतंय, असंही समजू नकोस. या शहरात १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे. ट्यूबमध्ये शेजारचा माणूस कोल्हापूरचा निघतो.

आणि आता बेदाणा. शेतकरी माल तुमच्याकडे ठेवतो, पावती घेतो, ती बँकेत तारण ठेवून कर्ज उचलतो. सौदा झाला की कर्ज फिटतं. भाव पडला की बँक अस्वस्थ, अडत्याचे पैसे लांबले की शेतकरी अडचणीत, आणि माल तुमच्या थंड खोलीत पडून. लंडनच्या बँकिंग विभागात गोदामातल्या मालावर कर्ज देताना हाच विचार होतो. माल रोज आत-बाहेर होत असतो म्हणून त्याच्यावर ‘फ्लोटिंग चार्ज’, म्हणजे बदलत्या साठ्यावरचं तारण, घेतात, आणि कर्जदार बुडाला तर आधी कुणाचे पैसे, यावरून भांडणं होतात. तू हे लहानपणापासून जेवताना ऐकत आलीस. तुझ्या नोंदवहीत याचं एक पान नसेल, तर ते आधी लिही.

निघायच्या आधी एकदा बाबांबरोबर सौद्याला जा. मग त्यांच्या बँकेतली तारणकर्जाची कागदपत्रं मागून घे आणि भाव पडला तर काय, ते कलम शोध. आणि हे विचार: कर्ज थकलं आणि माल विकावा लागला, तर तुमचं साठवणुकीचं भाडं आधी की बँकेची रक्कम आधी? कागदावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय होतं, दोन्ही मला कळव.