आईचं लवकर झालेलं लग्न आणि शाळा सोडल्याचा दाखला

"मॅडम, माझं लग्न लवकर झालं, त्याचा पोरांवर काही परिणाम होतो का हो?" हे माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच आया विचारतात. मागच्या वर्षी धनकवडीहून एक ताई आल्या होत्या, ३८ वर्षांच्या, मुलगा २१चा, मुलगी १८ची (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). तक्रार अशी की पोरगी लग्नाचा विषय काढला की ताट सोडून उठते, आणि वर म्हणते "मला तुझ्यासारखं नाही व्हायचं". ताईंना तेच लागलं होतं. "माझ्यासारखं म्हणजे काय? माझं काय वाईट झालं?"

भांडण पेटलं होतं ते भाचीवरून. ताईंच्या भावानं इंदापूरकडच्या गावी १७ वर्षांच्या पोरीचं लग्न ठरवलेलं. मुलगी म्हणाली आपण जायचंच नाही, आणि मुलगा म्हणाला, काय बिघडलं, आईचं पण लवकरच झालं ना, झालाच ना संसार नीट?

मी पुढच्या वेळी तिघांनाही बोलावलं. खरं सांगते, मला मुलाचं बोलणं जास्त काळजीचं वाटलं. तो वाईट नव्हता, त्यानं आईला कधी रडताना बघितलंच नव्हतं, बाबांनी कधी हात उचलला नाही, घर व्यवस्थित चाललेलं, मग त्याच्या हिशेबानं लवकर लग्न म्हणजे ठीकच की. आणि ताई पण आयुष्यभर एवढंच सांगत आलेल्या, "माझं नशीब चांगलं, माणसं चांगली मिळाली." मुलीला त्याच गप्प बसण्यात काहीतरी गिळलेलं दिसत होतं. आई एकच, पण दोन पोरांनी दोन अर्थ काढलेले, कारण तिनं स्वतः कधी धड सांगितलंच नाही.

ताईंना म्हटलं, तेव्हाची एखादी वस्तू आहे का घरी? त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात घडीवर फाटायला आलेला शाळा सोडल्याचा दाखला. सोबतच घेऊन आल्या होत्या! मुलीनं तो मोठ्यानं वाचला. इयत्ता दहावी. प्रगती चांगली. शाळा सोडण्याचं कारण, पालकांच्या विनंतीवरून. साल २००२. मग तिनं जन्मतारीख बघितली आणि म्हणाली, "आई, तू सोळाची होतीस. आणि दादा झाला तेव्हा सतराची." मुलगा काहीच बोलला नाही, त्यानं दाखला तिच्या हातातून घेतला आणि परत वाचला.

मग ताई बोलल्या. मराठीच्या बाईंनी घरी येऊन वडिलांना समजावलं होतं, वडिलांनी बाईंना चहा दिला आणि विषय संपवला. बाळंतपणात रक्त कमी पडलं होतं. "पण तू झालास त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही," हे त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. हे सांगणं फार गरजेचं असतं, नाहीतर अशी मुलं मनात धरून बसतात की आईचं शिक्षण आपल्यामुळे अडलं.

भाचीबद्दल मी स्पष्ट बोलले. मुलीचं लग्नाचं वय १९७८ पासून १८ आहे, २००६च्या कायद्यानं असं लग्न लावून देणाऱ्यांना, बापाला सुद्धा, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो (आईला कैद होत नाही, पण दंड होऊ शकतो), गावात ग्रामसेवकाला सांगता येतं, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन करता येतो आणि तुम्ही नाही केलात तर मी करीन. हे काही एका घरापुरतं नाहीये, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८च्या आत झालेलं होतं.

मामाला फोन मुलानं लावला. "मामा, मी आईचा दाखला बघितलाय," एवढं म्हणून त्यानं फोन आईकडे दिला. लग्न थांबलं, भाची बारावीला बसली. भाऊ मात्र अजून ताईंशी बोलत नाही, राखीला पण आला नाही, आणि त्याचं त्यांना खूप लागतं.

मुलगी अजूनही लग्नाचं नाव काढू देत नाही. ताईंनी तो विषय सोडलाय, सध्या दोघी मिळून ताईंचा दहावीचा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरतायत.