नाचणीच्या सालीतलं पॉलिफेनॉल

प्रश्न : माझं वय ४६. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, हिमोग्लोबिन ९.५ वर आलंय. नाचणीच्या पिठाच्या पाकिटावर ‘पॉलिफेनॉलमुळे साखर आटोक्यात’ असं छापलंय, म्हणून मी दोन्ही वेळा नाचणीच खाते. मैत्रीण म्हणते, त्याच पॉलिफेनॉलमुळे लोह अंगी लागत नाही. खरं कोणाचं? आणि गोळी बंद करता येईल का?

उत्तर : गोळी बंद करू नका. कुठलंही धान्य तिची जागा घेत नाही.

तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. पाकिटानं मात्र अर्धंच सांगितलंय. पॉलिफेनॉल हा वनस्पतींत तयार होणाऱ्या संयुगांचा एक गट. नाचणीतलं बहुतेक पॉलिफेनॉल तिच्या तांबूस सालीत असतं. धान्यांचं रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांकडून नाचणीचं पीठ बारीक चाळणीतून चाळून घ्यायची आणि कोंडा नि पीठ वेगवेगळं तपासायला लावायची. कोंड्याचं पारडं दरवेळी जड. या सालीचा अर्क परीक्षानळीत अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज, म्हणजे पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना अडवतो. पण आपण अर्क खात नाही, शिजवलेलं पीठ खातो. त्यातलं फेरुलिक आम्ल, हेही एक पॉलिफेनॉलच, बरंचसं तंतूंना घट्ट बांधलेलं असतं. ते मोठ्या आतड्यातले जिवाणू सोडवतात, तोवर साखर रक्तात गेलेली असते. साखर सावकाश चढावी यासाठी तंतू आणि जाडसर दळण यांचा मोठा हात आहे. बारीक पीठ पातळ शिजवून प्यायलात, तर नाचणी असूनही साखर भराभर चढू शकते.

आता लोह. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं पॉलिफेनॉल, आणि फायटेट, म्हणजे धान्यात फॉस्फरस साठवणारं द्रव्य, लोहाला धरून ठेवतात. म्हणून तुम्ही नाचणी भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून, वाळवून मग दळा. मोड येताना फायटेज नावाचं विकर कामाला लागतं आणि फायटेट फोडतं. टॅनिनही कमी होतं. थोडं पॉलिफेनॉल जाईल. जाऊ दे, तुम्हाला आज लोहाची निकड जास्त आहे. जेवताना लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा नको. नाचणी एकाच वेळी खा. तिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेही लोहाच्या आड येतं. म्हणून डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती या जेवणासोबत घेऊ नका.

आणि एक तपासणी नक्की करून घ्या : बी-१२. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ते घटू शकतं, आणि त्यानंही हिमोग्लोबिन उतरतं. सगळा दोष नाचणीच्या माथी मारून ही शक्यता निसटायला नको, याची मला खरी काळजी वाटते.

प्रश्न : मला हायपोथायरॉइड आहे. बाजरी सोडावी का?

उत्तर : सोडू नका, पण तिच्यावरच राहू नका. बाजरीत व्हायटेक्सिनसारखी फ्लेव्होन असतात, तीही पॉलिफेनॉलच. थायरॉइडचं संप्रेरक घडवणाऱ्या पेरॉक्सिडेज विकराला ती अडवतात, असं प्रयोगांत दिसलंय. बाजरी हेच जवळजवळ सगळं अन्न आणि आहारात आयोडिन तुटपुंजं, अशा ठिकाणी याचा धोका असतो. आयोडिनयुक्त मीठ वापरा, धान्यं आलटून-पालटून खा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास काही खाऊ नका. बाजरी दळाल ती थोडीथोडी, तिचं पीठ लवकर कडवट होतं.