वाचकांचे प्रश्न : जुन्या ब्रश मोटरची निगा

प्रश्न : माझ्याकडे रेडिओ नियंत्रित गाडीची ५४० आकाराची, स्क्रू काढून उघडता येणारी जुनी ब्रश मोटर आहे. ती बरीच वर्षे वापराविना पडून होती. आता गाडी चालते, पण वेग मंदावला आहे, ब्रशपाशी मोठ्या ठिणग्या दिसतात आणि मोटर फार तापते. चुंबक मेले असावेत, असे एका मित्राचे मत आहे. नुसता क्लीनर स्प्रे मारून भागेल काय?

उत्तर : चुंबकांवर इतक्यात ठपका ठेवू नये. अशा मोटरमधील फेराइट चुंबक नुसते पडून राहिल्याने निकामी होत नाहीत. शिवाय चुंबक क्षीण झाले, तर विनाभार मोटर उलट अधिक वेगाने फिरते आणि जोर लावायची वेळ आली की जास्त प्रवाह ओढून मागे पडते. आपली मोटर गाडीतून काढून, म्हणजे विनाभार, फिरवतानाही मंद वाटत असेल आणि ठिणग्या टाकत असेल, तर दोष बहुधा कॉम्युटेटर (शाफ्टवरील तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल भाग) आणि त्यावर टेकून वीज देणारे कार्बनचे ब्रश यांच्या भेटीच्या जागी आहे, आणि तो स्प्रेने धुऊन जाणारा नाही.

उघडण्यापूर्वी डबा आणि मागचे झाकण यांवर मिळून एक रेघ ओढावी, म्हणजे टायमिंग, म्हणजे चुंबकांच्या तुलनेत ब्रशची जागा, बदलणार नाही. आधी स्प्रिंग सोडवून ब्रश बाहेर काढावेत आणि मगच आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग, ओढावे, अन्यथा ब्रश आत सरकून त्यांच्या कडा तुटतात. शाफ्टवरील बारीक वॉशर कोणत्या बाजूला किती होते, तेही लिहून ठेवावे.

आता कॉम्युटेटर उजेडात धरून पाहावा. तांब्याच्या तिन्ही पट्ट्यांवर सारखा तपकिरी रंग असेल, तर काळजी नाही. फटींच्या कडांशी काळे जळके डाग असतील, किंवा नख फिरवताना ब्रशच्या वाटेवर खाच लागत असेल, तर मात्र तो लेथवर घ्यावाच लागेल. हाताने पॉलिश पेपर घासण्याचा मोह अनेकांना होतो, पण मी त्याच्या ठाम विरोधात आहे : हाताचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही, गोलाई बिघडते, ब्रश उड्या मारू लागतात आणि ठिणग्या आणखी वाढतात. कॉम्युटेटरच्या लेथवर आर्मेचर स्वतःच्याच शाफ्टवर टेकवून मिलिमीटरच्या काही शतांशांचाच पातळ काप घ्यावा आणि तांबे सगळीकडे उजळले की थांबावे, कारण गेलेले तांबे परत येत नाही. त्यानंतर तिन्ही फटी लाकडी काडीने साफ कराव्यात. तिथे तांब्याचा एखादा कीस अडकला, तर दोन पट्ट्या शॉर्ट होतात. मल्टिमीटरने कोणतीही पट्टी आणि शाफ्ट यांच्यात जोड दिसता कामा नये.

नव्याने कापलेल्या कॉम्युटेटरवर जुने ब्रश बसवू नयेत. कॉम्युटेटर कापला नसेल, तरी ब्रश निम्मा झिजला असेल किंवा त्याची तार तापून निळसर झाली असेल, तर तो बदलावाच, आणि सोबत स्प्रिंगही, कारण तापलेली स्प्रिंग ढिली पडते. ब्रश आपल्या घरात न अडकता सरकला पाहिजे. वापरलेल्या ब्रशचे तोंड भिंगातून पाहिले, तर पुष्कळ कळते : पूर्ण तोंडावर चकाकी असेल, तर बैठक चांगली आहे, एकाच कडेला चकाकी असेल, तर ब्रशचे घर तिरके आहे.

स्प्रेने बुशमधील, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्यांमधील, तेलही धुऊन जाते. म्हणून फवारल्यावर तो पूर्ण उडू द्यावा आणि दोन्ही बुशना एकेक थेंब तेल द्यावे. कॉम्युटेटरवर तेल अजिबात जाऊ देऊ नये, कारण कार्बनच्या भुकटीशी मिसळून ते फटींमध्ये वीजवाहक चिखल तयार करते.

एवढे करूनही मोटर तापली, तर कमी दातांचे पिनियन (मोटरच्या शाफ्टवरील छोटे दातेरी चाक) लावून पाहावे.

प्रश्न : नवे ब्रश बसावेत, म्हणजे त्यांचे तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला जुळावे, म्हणून मोटर पाण्यात बुडवून फिरवतात. हे योग्य आहे काय?

उत्तर : त्याने ब्रश लवकर बसतात, हे खरे. परंतु पाणी बेअरिंगमध्ये शिरते, तेल काढते आणि मोटर नीट सुकली नाही, तर गंज धरतो. कोरड्या मोटरला २ ते ३ व्होल्ट देऊन विनाभार, मध्ये थंड होऊ देत, फिरवावे आणि ब्रश काढून पाहत राहावे. तोंडाचा बहुतेक भाग चकाकला की मोटर गाडीत बसवावी. वेळ जास्त जातो, पण जुन्या मोटरसाठी मी हाच मार्ग सुचवेन.