कार्ड कधी काढावं, कधी आत ठेवावं?

प्रश्न : पगार पुरतो, तरी क्रेडिट कार्डाचं बिल पाहून पोटात गोळा येतो. दर महिन्याला बिलावरची ‘किमान रक्कम’ तेवढी भरते. कार्ड बंदच करून टाकू का?

उत्तर : बंद करायची घाई नको, आधी ते ‘किमान’ थांबवा. मीही दीड वर्ष तेच करत होते, आणि दंड लागत नाही म्हणून खूश होते! दंड टळतो, व्याज टळत नाही. महिना 3 टक्के दिसायला किरकोळ, पण चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोकड काढणं तर नकोच, तिथे शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

आता मी खात्यात आज तेवढे पैसे असतील तरच कार्ड पुढे करते. ऑनलाइन खरेदी आणि हॉटेलची अनामत मात्र कार्डावरच. वस्तू आलीच नाही तर बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत घेता येते, आणि तोवर आपल्या खात्यातले पैसे अडकत नाहीत. जुनं कर्ज फेडायचं असेल तेव्हा कार्ड पाकिटातच. तुम्ही आधी साचलेली बाकी संपवा, तोवर नवी खरेदी कार्डावर नको. मग दर महिन्याला पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.