व्हीएसएनएलच्या शेअरमधून जमिनीची कंपनी कशी निघाली?

प्रश्न : वडिलांचे विदेश संचार निगमचे (व्हीएसएनएल) 100 शेअर वारसाहक्काने माझ्याकडे आले. डीमॅट खात्यात आता टाटा कम्युनिकेशन्सचे 100 शेअर दिसतात आणि सोबत हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाच्या कंपनीचे 100. हे दुसरे आम्ही कधी घेतलेच नव्हते. ते कुठून आले, आणि मूळ सरकारी कंपनी आज कुणाची?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्या खात्यात चूक झालेली नाही. या दुसऱ्या शेअरचे मूळ आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या, पुण्याजवळच्या दिघीच्या जमिनीत आहे. 1927 मध्ये मुंबई–लंडन बिनतारी संदेशसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे संदेश पाठवणारे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि संदेश घेणारे ग्रहण केंद्र दौंडला होते. लघुलहरींच्या (शॉर्टवेव्ह) त्या काळात उंच मनोरे आणि त्यांच्यामधून ताणलेल्या तारा यांसाठी एकरच्या एकर मोकळे रान लागत असे. 1947 मध्ये ही सेवा सरकारी खात्याकडे आली. 1971 मध्ये नारायणगावाजवळ आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. पुढे समुद्राखालील केबली आल्या आणि मनोऱ्यांखालचे रान, दिघीचेही, रिकामे पडले.

1 एप्रिल 1986 रोजी या खात्याचे विदेश संचार निगम झाले. परदेशी फोनची मक्तेदारी असल्याने कंपनी भरपूर कमावत होती. 15 ऑगस्ट 1995 रोजी तिनेच सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत.

फेब्रुवारी 2002 मध्ये सरकारने 25 टक्के हिस्सा व्यवस्थापनासह टाटा समूहाच्या पॅनाटोन फिनव्हेस्टला 1,439 कोटी रुपयांना, म्हणजे शेअरमागे 202 रुपयांना विकला. त्यानंतर इतर भागधारकांकडून शेअर घेण्याच्या खुल्या प्रस्तावातून टाटांचा हिस्सा सुमारे 45 टक्क्यांवर गेला आणि सरकारकडे 26.12 टक्के उरले. परदेशी फोनची मक्तेदारीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधी, संपली. 2008 मध्ये नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले.

विक्री संदेशसेवेची होती, जमिनीची नव्हती. पुणे, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथील मिळून सुमारे 773 एकर जमीन, जिच्यात दिघीचा वाटा सर्वांत मोठा, वेगळ्या कंपनीत काढायची आणि 25 टक्क्यांपोटी टाटांच्या वाट्याला येणारे त्या कंपनीचे शेअर सरकारकडे सोडायचे, असे करारात ठरले होते. माझ्या मते ही अट रास्त होती. तिच्या अंमलबजावणीला लागलेला वेळ मात्र समर्थनीय नाही. हेमिस्फिअर प्रॉपर्टीज शेअर बाजारात आली ती थेट ऑक्टोबर 2020 मध्ये, म्हणजे करारानंतर अठरा वर्षांनी. टाटा कम्युनिकेशन्सच्या प्रत्येक शेअरमागे तिचा एक शेअर मिळाला, म्हणून आपल्याकडे शंभरास शंभर आले. सरकारचे 26.12 आणि टाटांनी सोडलेले 25 मिळून तिच्यात सरकारचा हिस्सा 51.12 टक्के झाला.

मार्च 2021 मध्ये सरकारने टाटा कम्युनिकेशन्समधला उरलेला 26.12 टक्के हिस्साही विकला: 16.12 टक्के बाजारात, 10 टक्के पॅनाटोनला. तेव्हा आपल्या दोन शेअरपैकी संदेशवहनाची कंपनी आता टाटांच्या नियंत्रणाखालची आहे, आणि जमिनीची कंपनी सरकारी.