डबा पडायला लागते तेवढी कोरी जागा

इचलकरंजीच्या एका वडिलांचं पत्र आहे. वीस यंत्रमागांचा धंदा. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ८९ टक्के. ते लिहितात: ‘दिवसभर टॅबवर जपानी कार्टून. तेच वाचते, तसंच काढते. निदान भाषा तरी पदरात पडावी म्हणून पुण्याच्या ऑनलाइन जपानी क्लासला घातली, तर तिथेही लक्ष नाही. म्हणते, हे जपानी नाहीच, कोरियन आहे. दोन्ही एकच ना? शेवटी मागच्या रविवारी टॅबमधली सगळी चित्रं डिलीट केली. तेव्हापासून बोलत नाही. चित्रंही धड पुरी करत नाही, अर्धं पान कोरं सोडते. नमुना आधी बाजूला काढून ठेवला होता, तो जोडतोय. आधी जेईई, मग छंद, हे तिला तुम्ही समजावून सांगा.’

नमस्कार.

समजावून सांगतो, पण तिला नाही, तुम्हाला.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडलो. ‘सगळी चित्रं डिलीट केली.’ क्लासची तक्रार आणि कोऱ्या पानाची तक्रार यांच्या मध्ये हे एक वाक्य तुम्ही असं टाकून दिलंय, जणू टॅबची साफसफाई केली. रात्रीतून कोणी तुमच्या शेडमध्ये शिरलं, मागांवर चढवलेली सुताची बिमं कापून गेलं आणि सकाळी म्हणालं, ‘आता तरी नीट नोकरी बघ’, तर तुम्ही त्याच्याशी किती दिवस बोलला नसता? पोरीचा अबोला तुम्हाला आगाऊपणा वाटतोय. मला तो बराच संयमी वाटतो.

बरं, डिलीट करण्याआधी त्यातलं एखादं तरी तुम्ही शेवटपर्यंत पाहिलं होतं का? ‘दोन्ही एकच ना’ वाचल्यावर मला शंका आहे.

तुमची गल्लत समजण्यासारखी आहे. कॉमिक्सला ‘मांगा’ हा जपानी शब्द आणि ‘मान्ह्वा’ हा कोरियन, मुळात एकाच चिनी अक्षरजोडीचे दोन उच्चार. त्यात तिच्या खोलीतून जपानी संवाद ऐकू येत असतील. ‘सोलो लेव्हलिंग’चंच बघा. कोरियन वेब-कादंबरी, २०१८ पासून तिची कोरियन चित्रमालिका, आणि २०२४ मध्ये तिच्यावर पडद्यावरचं कार्टून, म्हणजे अ‍ॅनिमे केलं ते जपानी स्टुडिओने, जपानी भाषेत. भिंतीपलीकडून ऐकणारा बाप गोंधळणारच. पण मुलीने तोंडाने सांगितलं की हे कोरियन आहे, आणि तरी तुम्ही फी भरलीत ती जपानीची. तिथे गल्लत संपली आणि हट्ट सुरू झाला.

आता त्या कोऱ्या पानाबद्दल. तुमचा नमुना मीही आधी कॉम्प्युटरवर उघडला, तर शेवईच्या काडीसारखी एक लांबलचक पट्टी दिसली. मग फोनवर घेतला. वर एक मुलगी जिन्यात उभी, हातातून स्टीलचा डबा सुटतोय. त्याखाली काही नाही. अंगठ्याने वर सरकवत गेलो. फिकट पिवळा रंग हळूहळू करडा होत जातो, मध्येच अधांतरी एकटं झाकण, पुन्हा काही नाही. आणि तळाला डबा आडवा पडलेला, शेजारी कोणाच्या तरी चपला. चेहरा दाखवलेलाच नाही. तिथे भाग संपतो.

याला तुम्ही आळस म्हणालात. अहो, डबा तीन मजले खाली पडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तिने माझा अंगठा सरकवत ठेवला. कोरियन वेबटूनची, म्हणजे इंटरनेटवर वरून खाली सरकवत वाचायच्या कॉमिक्सची, सगळी मेख या मोकळ्या जागेत आहे. जपानी मांगा वाढला छापील नियतकालिकांत. ‘शोनेन जंप’ १९६८ पासून निघतंय. तिथलं पान बहुतेक काळंपांढरं, उजवीकडून डावीकडे वाचायचं, आणि कागद मोजून मिळतो, म्हणून चौकटी दाटीने बसवायच्या. तिथला चित्रकार धक्का राखून ठेवतो तो पान उलटल्यावरसाठी. कोरियन कॉमिक्सही आधी कागदावरच होती, आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे वाचायची, बरीचशी भाड्याच्या दुकानांतून घरी यायची. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर छापील धंदा बसत गेला आणि त्याच सुमारास घरोघरी वेगवान इंटरनेट आलं. २००३ मध्ये दाउम आणि २००४ मध्ये नेव्हर या वेब पोर्टलांनी कॉमिक्सची स्वतंत्र दालनं उघडली. कांग फुल या चित्रकाराने २००३ मध्ये एक अख्खी प्रेमकथा वरून खाली सरकवत वाचायला लावली आणि ती तुफान चालली. पुढे हे सगळं फोनवर आलं. इथे पान उलटायला पानच नाही. मग वेळ दाखवायचा कसा? दोन चौकटींमधली जागा ताणून. घाईचा प्रसंग असेल तर चौकटी एकमेकींना चिकटवायच्या, भीती, पडझड, शांतता दाखवायची तर मोकळं सोडायचं. वर रंग हवाच. तुमच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलेलं दिसत नाही, तिने वाचून उचललंय. आणि शेवटच्या त्या चपला! कोरियन अ‍ॅपवर पुढचा भाग फुकट हवा तर थांबा, आत्ताच हवा तर पैसे मोजा, असा हिशोब असतो. भाग कुठे तोडायचा हे तिला कळतं. हे कळायला मला चाळीशी उजाडली असती.

म्हणून तिला उद्याच कोरियाला पाठवा, असं मी म्हणतोय असं समजू नका. हा धंदा माणूस पिळून काढणारा आहे. दर आठवड्याला साठ-सत्तर रंगीत चौकटी एकट्याने होत नाहीत. तुमच्याकडे वार्पिंग एकीकडे, सायझिंग दुसरीकडे आणि विणणारा तिसराच, तसंच तिकडच्या स्टुडिओत कथा एकाची, कच्च्या चौकटी दुसऱ्याच्या, रेषा तिसऱ्याची, रंग आणि पार्श्वभूमी आणखी कोणाच्या. ज्याच्या चित्रांनी ‘सोलो लेव्हलिंग’ जगभर गेलं तो जांग सुंग-राक जुलै २०२२ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. वय ३७. त्याला आधीपासून आजार होता, पण त्यानंतर कोरियात चित्रकारांच्या कामाच्या तासांवर जी ओरड झाली ती उगाच नव्हती. तुम्हाला भीती घालायचीच असेल तर ही खरी भीती घाला. ‘कार्टून काढून पोट भरत नाही’ ही जुनी झाली.

थोडं तिच्याशीही बोलतो, हे पत्र तिला वाचायला द्या. बाळा, जिना तुझ्याच इमारतीचा आहे ना? महावितरणचे मीटर, त्यावर खडूने लिहिलेले फ्लॅटचे नंबर, कठड्यावर वाळत घातलेलं पायपुसणं, सगळं नजरेत भरतं. मग त्या जिन्यात उभ्या मुलीचं नाव जी-ऊन असं कोरियन कशाला? डबा पडल्याचा आवाज तू हंगुल या कोरियन लिपीत लिहिलायस. ती लिपी वाचणाऱ्या एका सहकाऱ्याला विचारलं, तो ‘कुंग’ निघाला. कुंग म्हणजे काहीतरी जड, बोजड आदळलं. स्टीलचा डबा फरशीवर पडला तर आपल्याकडे ‘ठण्ण’ होतं, झाकण पुढे बराच वेळ ‘खण खण खण’ करत गोल फिरतं, आणि शेजारच्या काकू दार उघडून बघतात. तुझ्या झाकणाला आवाजच नाही. आणखी एक, हात काढायचे टाळतेस. पहिल्या चौकटीत बोटं बाहीत लपवलीयस. आठ भागांची एक छोटी गोष्ट शेवटपर्यंत पुरी कर, मग मला पाठव. सुरुवाती सगळ्यांच्याच छान असतात.

परीक्षांचं थोडक्यात: आयआयटीच्या डिझाइन पदवीची यूसीड, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट आणि राज्याची बीएफएसाठीची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठीची सीईटी, तिन्ही सायन्सच्या मुलांना देता येतात, त्यामुळे आत्ता शाखा बदलण्याची घाई नको. जेईईला तिने बसावं की नाही, हे तिला विचारा. तुमच्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, ‘हे कोरियन आहे’. भौतिकशास्त्र तिला आवडतं की झेपत नाही, याबद्दल अक्षर नाही. मी कशाच्या जोरावर सांगू?

जपानी क्लास बंद करा. जपानी वाईट म्हणून नव्हे. पुण्यात त्या भाषेवर चांगल्या नोकऱ्या आहेत, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन-टू, एन-वन या वरच्या पायऱ्यांपर्यंत गेलेल्यांना कंपन्या शोधत येतात. पण तिथवर पोचायला काही वर्षं जातात आणि तेवढा काळ कोणी बापाच्या हट्टावर टिकत नाही. हंगुल ती स्वतःहून शिकलीय. कोरियन पुढे शिकायची असेल तर ते तिलाच ठरवू द्या. आणि हो, यातून ‘मग टोपिक ही कोरियनची परीक्षा देऊन दुभाषी हो’ असा नवा तगादा काढू नका.

एक गोष्ट खरं तर सगळ्यांत आधी लिहायला हवी होती. टॅबवर डिलीट केलेल्या गोष्टी बहुधा लगेच जात नाहीत, काही दिवस कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून राहतात, अनेकदा तीस दिवस. चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्येही असा फोल्डर असू शकतो. मागचा रविवार धरला तर तुमच्या हातात अजून वेळ आहे. टॅब आजच तिच्या हातात द्या, पासवर्ड बदलला असेल तर तोही सांगा, आणि ती शोधत असताना मागे उभे राहू नका.